तक्त्यात नसलेला आड

आम्ही लातूरला आलो तेव्हा जिल्हा आमच्याइतकाच नवखा होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवरची जुनी अक्षरं नव्या रंगाखालून अजून दिसत होती. भाड्याच्या इमारतींमध्ये आधी टेबलं येऊन पडत होती आणि त्यांच्यामागे बसणारी माणसं नंतर येत होती. वडिलांनी नांदेडहून इथली बदली मागून घेतली होती, कारण मायचं माहेर इथून जवळ. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते ट्रेसर होते. जमिनीच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि काळ्या शाईनं खालची रेघ न् रेघ वर उतरवायची, हे त्यांचं काम. शाईची रेघ चुकली तर दाढीच्या अर्ध्या पात्यानं ते ती इतकी हलकी खरवडत की कागदाला ओरखडा राहत नसे. बोलणं कमी. घरात त्यांचा आवाज म्हणजे पात्याची ती बारीक खरखर आणि मग फुंकर. मी नांदेडला होस्टेलवर राहून गणितात बी.एस्सी. करत होते आणि सुट्टीत लातूरच्या दोन खोल्यांत येत होते. या घराला माझं घर म्हणायची सवय मला कधी लागलीच नाही.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता, आदल्या वर्षीही जेमतेमच झालेला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. पाण्याच्या आधी अर्धा तास नळ नुसता फुसफुसायचा आणि त्या आवाजासरशी सगळी गल्ली हातातलं काम टाकून दारात उभी राहायची. माय सकाळी सुशीला करायची. मुरमुरे भिजवायचे, पिळून काढायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे. पिळलेलं पाणी ती टाकून देत नसे, त्यातच ज्वारीचं पीठ मळायची. त्या उन्हाळ्यातल्या भाकरीला म्हणून किंचित खारट चव असे. वरण बंद झालं होतं, कारण डाळ शिजायला पाणी लागतं आणि पातेलं घासायला आणखी लागतं. चटणी, कांदा, भाकरी. ताटं राखेनं कोरडीच घासायची आणि फडक्यानं पुसायची. आजही कुणी भांडं विसळलेलं पाणी सरळ मोरीत ओतलं की माझी मान आपोआप तिकडं वळते. त्यात भावुक काही नाही, ती सवय आहे.

माय शाळेत गेली नव्हती. पण हिशेबाला तिच्यासमोर मी टिकत नसे. एकदा पडद्याचं कापड घेताना तिनं दुकानदाराला अडवलं. "दीड दीड वाराचे अडीच तुकडे म्हंजे पावणेचार वार. चार कशापायी कापून राहिलास?" मी घरी येऊन वहीत मांडलं. तीन छेद दोन गुणिले पाच छेद दोन, बरोबर पंधरा छेद चार. नांदेडला परतल्यावर आमच्या बीजगणिताच्या सरांना ही गंमत म्हणून सांगितली. सर देगलूरकडचे, घरात तेलुगू, बाजारात कन्नड आणि वर्गात मराठी बोलणारे. ते हसले नाहीत. खडू खाली ठेवून म्हणाले, "उत्तर एकच आहे, पण तुझ्या आईच्या पावणेचारमध्ये चाराला पाव कमी आहे हे दिसतं. तुझ्या पंधरा छेद चारमध्ये ते दिसतं का?" मी म्हणाले, भागाकार केला तर दिसतं. "म्हणजे आधी आईच्या भाषेत यावं लागतं," सर म्हणाले. "आपण विचार करतो आणि मग तो लिहितो असं तुम्हा लोकांना वाटतं. तसं नसतं. ज्या रीतीनं लिहितो त्याच रीतीनं विचार होतो. रीत काय दाखवते ते सगळेच बघतात. ती काय लपवते तेही बघत जा." मी मान हलवली. परीक्षेत विचारणार नव्हते, म्हणून लिहून घेतलं नाही.

दुष्काळ वाढला तसं दादांना नकाशांवरून उठवून टंचाईच्या कामावर बसवलं. कचेरी कोणती ते सांगण्यात आता अर्थ नाही, तिथले बहुतेक लोक हयात नाहीत. कोणत्या गावाला पाण्याचा टँकर कधी गेला याचा तक्ता दादांनी करायचा होता. वरून नमुना आला होता. उभ्या बाजूला गावं, आडव्या बाजूला तारखा, आणि पाणी पोचलं की त्या चौकोनात खूण. दादांनी त्याचं जे केलं ते मी आजवर पाहिलेल्या सुंदर वस्तूंपैकी एक होतं. दारापेक्षा रुंद कागद, केसाएवढ्या रेघा, गावांची नावं एका मापात आणि खुणेऐवजी लाल शाईचा टपोरा ठिपका. लांबून बघितलं तर सगळा तालुका डाळिंबाच्या दाण्यांनी भरल्यासारखा दिसे. वरचे साहेब पाहणीला आले तेव्हा ते तक्त्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, हे कुणी काढलं? दादांनी ही गोष्ट घरी येऊन दोनदा सांगितली. एरवी ते काहीही दोनदा सांगत नसत. कचेरीत जागा अपुरी, म्हणून तक्ता रात्री गुंडाळून घरी आणायचे आणि सकाळी भिंतीवर लावून आदल्या दिवसाचे ठिपके भरायचे.

मी दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आले आणि त्याच आठवड्यात मामा रत्नाला घेऊन एस.टी.नं आला. रत्ना माझी मामेबहीण, माझ्याहून वर्षभरानं लहान. बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. घरातून इतकं शिकलेली ती पहिलीच. तिचा उजवा हात मनगटापासून सुजून भोपळ्यासारखा झाला होता. सरकारी दवाखान्यात नेऊन पट्टी केली, प्लास्टर घातलं, आणि मग सगळे घरी येऊन बसले. मायनं पाणी दिलं. रत्नानं तांब्या डाव्या हातात धरला आणि निम्मंच प्यायली. बाकीचं परत दिलं.

"आडात उतरली व्हती," मामा म्हणाला. "तळाला वाटीभर पाणी झिरपतंय. वाटीनं खरवडून कळशीत भरायचं. वर येताना दगड सुटला."

मायच्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. गाव ओढ्याच्या अलीकडं, आणि आमच्या लोकांची वस्ती, बौद्धवाडा, ओढ्याच्या पलीकडं. गावात मोठी विहीर, वस्तीत अरुंद आड. माय लहान असल्यापासून हे असंच होतं आणि कुणी त्यावर फार बोलत नसे.

दादांना मामाचं बोलणं कळेना. ते उठून तक्त्यापाशी गेले. त्या दिवशी रविवार होता आणि तक्ता भिंतीवरच होता. त्यांनी बोट ठेवलं. अनुक्रमांक सतरा. ओळभर लाल ठिपके, एक दिवसाआड एक, कुठेही खंड नाही.

"पाणी तर जाऊन राहिलंय," दादा म्हणाले. "तलाठ्याची सही हाय."

"जातंय की दाजी," मामा म्हणाला. "मोठ्या हिरीत ओततेत. आमच्या बायका काठाला उभ्या राहतेत. कुणी वरून वाढलं तर घागर, न्हाई वाढलं तर न्हाई. त्यांच्याच घरात पुरंना तर ते तरी कुठवर वाढतील? अकरा दिस झाले, आमच्याकडं थेंब न्हाई."

"मग हे ठिपके?"

"ते बी खरे हायेत," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

माय चुलीपासून उठली आणि हात पदराला पुसत तक्त्यासमोर येऊन उभी राहिली. इतके दिवस तो तक्ता घरात येत-जात होता, पण तिनं त्याच्याकडं कधी पाहिलं नव्हतं. वाचता येत नाही तर बघायचं काय, असं तिला वाटत असावं. तिनं दादांच्या बोटाच्या जागी आपलं बोट ठेवलं आणि ओळीवरून शेवटपर्यंत नेलं.

"हे माझं गाव?"

"हाव."

"मग यात आमचा आड कुठं हाय?"

दादांनी वर-खाली पाहिलं. आपण कुठंतरी लिहिलेलाच आहे आणि आत्ता सापडत नाही, अशा नजरेनं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि माझी स्वतःबद्दलची समजूत बरीच मोठी होती. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात पहिल्यांदा 'रीत काय लपवते' हे सरांचं वाक्य नुसतं वाक्य म्हणून राहिलं नाही. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. ड्रायव्हरनं पाणी ओतलं होतं, तलाठ्यानं सही खरी केली होती, दादांनी ठिपका खरा काढला होता. पण एका गावाला एक ओळ, आणि ओळीत एक चौकोन. चौकोनाला विचारता येणारा प्रश्न एकच, गावाला पाणी पोचलं का? रत्नाच्या घरी पोचलं का, हा प्रश्न त्या कागदावर विचारताच येत नव्हता. त्यामुळं तो कुणाच्या मनातही येत नव्हता. दादांच्याही आला नव्हता, आणि त्यांची तर ती सासुरवाडी.

मी म्हणाले, "दादा, ओळ गावाची नको. जिथं पाणी ओततात त्या जागेची करा."

"नमुना वरून आलाय," दादा म्हणाले आणि तक्ता गुंडाळू लागले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी टँकरच्या ड्रायव्हरला गाठलं. खाजाभाई त्यांचं नाव. पन्नाशीचा माणूस, डोळे कायम धूळ गेल्यासारखे लाल. मी विचारलं, तुमच्या फेऱ्यांबरोबर येऊ का? ते म्हणाले, "या की ताई. कागदावर एक गाव हाय, टाकीचा पाइप सोडला की त्याचे चार होतेत. आम्हाला रोजच दिसतंय, पण आम्हाला इचारतो कोण?" रत्नाही यायला निघाली. हाताला प्लास्टर आणि परीक्षा बुडालेली, घरात बसून काय करू, म्हणाली. माय नको म्हणेल असं वाटलं होतं. तिनं फडक्यात चार भाकरी बांधून दिल्या.

पंधरा दिवस आम्ही त्या टँकरच्या केबिनमध्ये हिंडलो. वही माझ्याकडं, पण विचारायची रत्ना. मी विचारलं की बाया गप्प होत. माझं बोलणं नांदेडच्या कॉलेजात घासून गुळगुळीत झालेलं. रत्ना काठावर बसून विचारायची, "मावशी, हितं ओतलं तर तुमी भरता का? आन् कोन न्हाई भरत?" दुसरा प्रश्न तिचा होता, माझ्या वहीत तो नव्हता. पहिल्या प्रश्नानं विहिरी मिळाल्या, दुसऱ्यानं माणसं मिळाली. मी सुरुवातीला यादी करत होते. तिसऱ्या दिवशी यादी मोडून पडली, कारण एकाच घरातली सून एका विहिरीवर जात होती आणि सासू दुसरीवर. मग मी यादी सोडली आणि चित्र काढायला लागले. विहीर म्हणजे गोल, घरांचा पुंजका म्हणजे टिंब, आणि जो खरोखर जातो त्याच्यापासून विहिरीपर्यंत रेघ. अंतराला महत्त्व नव्हतं. शंभर पावलांवरची विहीर असून रेघ नाही, आणि दीड मैलावरच्या झऱ्याला रेघ आहे, असं कितीतरी ठिकाणी निघालं. एका पानावर एक टिंब असं राहिलं की त्याच्यापासून एकही रेघ निघत नव्हती. रत्नानं वहीत डोकावून विचारलं, "हे चुकलंय का?" मी म्हणाले, नाही. तिनं त्या टिंबावर डाव्या हाताचं बोट ठेवलं. मग म्हणाली, "आमचं बी असंच दिसत आसंल."

वही दादांपुढं ठेवली. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आणि सकाळी कचेरीत नेली. संध्याकाळी आले तेव्हा चेहरा उतरलेला. त्यांचे साहेब वाईट नव्हते, पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. गावांची यादी ठरलेली आहे. ओळी वाढवल्या तर वरून विचारतील की एका महिन्यात गावं कशी वाढली? टंचाई वाढली म्हणून सांगायचं की आधीचा तक्ता चुकीचा होता म्हणून? "तुमच्याच हातचा तक्ता आहे," असंही ते म्हणाले होते. हे वाक्य दादांना लागलं होतं.

पुढं जे झालं ते मी करायला हवं होतं, निदान मला सुचायला हवं होतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पण ते दादांना सुचलं. रात्रीची भाकरी मोडता मोडता ते थांबले आणि म्हणाले, "पोटहिस्सा."

शेतजमिनीच्या नकाशात एका सर्व्हे नंबरची भावाभावांत वाटणी झाली की नवा नंबर देत नाहीत. बेचाळीसचा बेचाळीस एक आणि बेचाळीस दोन होतो. नंबर तोच, पण आतली बांधाची रेघ कागदावर दिसते आणि प्रत्येक तुकड्याचं स्वतःचं खातं होतं. दादांनी अशा हजारो रेघा काढल्या होत्या. "गाव सतराच राहील," ते म्हणाले. "सतरा एक मोठी हिर. सतरा दोन आड. गावाचा आकडा हलत न्हाई. साहेबाला नाही म्हणायला जागा न्हाई." त्यांच्या आवाजात मी पूर्वी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. तक्त्याचं कौतुक सांगताना होता तो आनंद हा नव्हता.

चार दिवस लागले. नवा कागद, नव्या रेघा. जुन्या तक्त्यावरचे ठिपके उतरवताना त्यांनी ते सगळे सतरा एकमध्ये घातले आणि सतरा दोनची ओळ मागच्या तारखांपासून रिकामी सोडली. मी म्हणाले, आजपासून सुरू करा ना, मागचं कशाला दाखवता? ते म्हणाले, "रिकामं हाय ते रिकामं दिसू दे." नवा तक्ता कचेरीच्या भिंतीवर लागला तेव्हा डाळिंब राहिलं नव्हतं. ओळीआड ओळ पांढरी होती. साहेबांनी म्हणे पांढऱ्या ओळी बोटानं मोजल्या आणि खाजाभाईंच्या फेऱ्या बदलल्या.

वस्तीच्या आडाला पहिला टँकर आला त्या दिवशी मी, माय आणि रत्ना तिथंच होतो. जयघोष वगैरे झाला नाही. खाजाभाईंनी पाइप आडात सोडला, पाण्याचा आवाज आधी खोल आणि मोकळा आला आणि मग भरत भरत जाड होत गेला. बायांनी रांग लावली आणि लगेच दोघींचं भांडण झालं. मामा म्हणाला, "भांडण हाय म्हंजे पाणी हाय." रत्नानं डाव्या हातानं कळशी ओढली. तिचं मनगट पुढं वाकडंच जुळलं. बारावी तिनं दुसऱ्या वर्षी दिली, डाव्या हातानं लिहून, आणि नर्सिंगला गेली. त्या आडाला वस्तीतली पोरं पुढं कितीतरी वर्षं 'सतरा-दोन' म्हणत. दादांची बदली झाल्यावर नंतरच्या कारकुनानं पोटहिस्से काढून टाकून पुन्हा एका गावाला एक ओळ केली, हेही इथं लिहून ठेवायला हवं. ते परत करून घ्यायला वस्तीतल्या बाया स्वतः कचेरीत गेल्या. आम्ही तेव्हा तिथं नव्हतो.

माझं पुढचं आयुष्य संगणकासाठी माहितीची मांडणी करण्यात गेलं. दवाखान्यांच्या नोंदी, शाळांच्या, ग्रंथालयांच्या. हाताखालची हुशार मुलं प्रोग्राम लिहायला घाई करत आणि मी त्यांना आधी विचारत असे, तुमच्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे नेमकं काय? एक रुग्ण, की एक आजार, की एक फेरी? त्यांना हा म्हाताऱ्या बाईचा हट्ट वाटे. एक कशाला म्हणायचं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतही मला पुढं भेटला. तिथं तो फार अवघड भाषेत होता, पण ओळखीचा वाटला. सरांना मी त्या उन्हाळ्यातच, नवा तक्ता लागताच, पत्रानं हे सगळं कळवलं होतं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं, नव्या तक्त्यानं काय लपवलं आहे तेही शोध.

मला त्याचं उत्तर सापडलं नव्हतं. ते सापडलं मायला. नवा तक्ता लागल्यानंतरच्या रविवारी तो घरी आला होता आणि दादा सतरा दोनच्या ओळीत दुसरा ठिपका भरत होते. माय मागं येऊन उभी राहिली. आता तिला ती ओळ न सांगता सापडत होती.

"पाणी कव्हा येतं तिथं?" तिनं विचारलं.

"एक दिवसाआड."

"ते दिसतंय. किती वाजता?"

दादांनी खाजाभाईंची फेरी मनात मोजली. "अकरा, साडेअकरा."

"तवा वस्तीत कोण आसतंय? सगळ्या बाया रोजगार हमीच्या कामावर. घरी म्हाताऱ्या. ज्याच्या घरी धडधाकट माणूस, त्याचंच भरतंय, बाया सांजेला येईस्तोवर आड रिकामा." तिनं ओळीवर बोट ठेवलं. "याच्यात दुपार कुठं हाय? सांज कुठं हाय?"

मी दादांकडं पाहिलं. चार दिवस खपून केलेला तक्ता होता तो, शाई वाळून पुरता आठवडाही झाला नव्हता. त्यांनी पेन पुसून बाजूला ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून मायसमोर ठेवलं. ती त्यांच्यासमोर कधी स्टुलावर बसली नव्हती. ती बसली. दादांनी कोरा कागद पसरला, पट्टी आडवी धरली आणि तिला विचारलं, "सांग. रकाना किती रुंद ठेवू?"